सात सीटांची गाडी

शालूने चौथ्यांदा मोजलं. पुढे दोन, मधे दोन, मागे तीन. सात.

पहिल्या तीन वेळा तिला वाटलं होतं, आपलंच लक्ष नाही, एखादी सीट नजरेतून सुटत असेल. पण स्वप्निलने टेबलावर पसरलेल्या त्या गुळगुळीत पुस्तकात गाडी छत काढून वरून दाखवली होती, आणि तपकिरी रंगाच्या सात सीटा अगदी स्वच्छ दिसत होत्या. आठवी कुठे दडवून ठेवायला जागाच नव्हती.

जुनी जीप गेल्या महिन्यात मूर्तिजापूरच्या अलीकडे बसली ती बसलीच. इंजिन आवळलं. एकवीस वर्षं तिने शालूच्या सासऱ्यांची, डोमाजींची, गाण्याची पार्टी अख्ख्या वऱ्हाडात फिरवली होती, मागे साउंडची ट्रॉली ओढत. आता जयंतीचा महिना तोंडावर आला होता. अकोल्यापासून सुरू होऊन बुलढाणा, औरंगाबाद आणि शेवटी थेट महूपर्यंत अठरा कार्यक्रम लागले होते, आणि दाराशी गाडी नव्हती. म्हणून रविवारी सकाळी बडनेऱ्याच्या घरी सगळे जमले होते. धाकटा दीर स्वप्निल अकोल्याहून बायकोला, माधवीला, घेऊन आला होता. येताना हे पुस्तक घेऊन आला होता आणि, शालूला लगेच कळलं, निर्णयही घेऊनच आला होता.

"चारशे न्यूटन मीटर टॉर्क आहे, दादा," तो थोरल्या भावाला, सुगतला, समजावत होता. "आपली एक ट्रॉली काय, दोन ओढते. ए.सी. मागपर्यंत. पाचशे किलोमीटर चालवली तरी कंबर दुखनार नाई तुयी."

शालूचा नवरा सुगत पार्टीचा ढोलकीवाला आणि ड्रायव्हर. ट्रॉली त्याने स्वतः अँगल कापून वेल्डिंग करून बनवलेली. त्याने चष्मा वर सरकवला. "ओढते हाव. पन थांबते का? स्पीकर भरले का आठ क्विंटल वजन होते मागं. ओढनं सोपं असते, स्वप्निल. उतारावर थांबवनं कठीन. अन् हूक कुठं लावाचा? बंपरले का?"

"हूक चेसीले लागते. ट्रॉलीचं आरटीओ पासिंग करून घेऊ. सगळं इचारलं मी."

"मंग ओमप्रकाशकडची ती नऊ सीटांची काय वाईट आहे? जुनी आहे, पन बांधा लोखंडी. मागं समोरासमोर बाकं. आपल्या जीपसारखीच."

अकोल्याच्या ओमप्रकाशची गाडी सुगतनेच शोधून काढली होती. रात्री जेवताना तो तिच्याबद्दल इतकं बोलायचा की भाजीत मीठ कमी पडलं तरी त्याला कळत नव्हतं. शालूला वाटलं, आता हा त्याच गाडीला धरून बसेल.

"दादा, त्या आडव्या बाकाइले बेल्ट नसते," स्वप्निल म्हणाला. आवाज खाली आला होता. "मागच्या पावसाळ्यात आपल्याच ओळखीची ती बँडपार्टी उलटली नं? मागं बसलेले चौघं बाहेर फेकल्या गेले. मले माया घरचे लोकं तसे नाई बसवाचे."

तो खोटं बोलत नव्हता. स्वप्निलचं हेच तर होतं. त्याचा मुद्दा नेहमी बरोबर असायचा, आणि त्या बरोबर मुद्द्याच्या टोकाला कुणीतरी एकजण बाहेर उभा राहिलेला असायचा.

सुगतने पुस्तक ओढून घेतलं, चित्रातल्या स्टिअरिंगवरून बोट फिरवलं. "ॲटोमॅटिक आहे?"

"ॲटोमॅटिक."

"डावा पाय रिकामा?"

"पूरा रिकामा."

गेली तीन वर्षं सुगतचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून सुजत होता. शालू रोज रात्री त्याला तेल लावायची. तो मान हलवायला लागला तेव्हा तिला राग यायला हवा होता, पण त्या गुडघ्यावर रागवायचं कसं, हे तिला कळेना. आपला नवरा आपल्या डोळ्यांदेखत पलीकडे गेला एवढंच तिला दिसलं.

तिने मनात सगळ्यांना एकेका सीटवर बसवून पाहिलं. मामाजी म्हणजे डोमाजी, त्यांची पेटी मांडीवर. सुगत गाडी चालवणार. स्वप्निल निवेदन करायचा आणि हल्ली सगळा कारभारही बघायचा. माधवी आता मुख्य गायिका, तिचे व्हिडिओ लोक फोनवर बघत होते. शालूची मुलगी प्रियदर्शनी ऑक्टोपॅडवर. कीबोर्डवाला अमोल. साउंड सांभाळणारा शेखर. झाले सात. शालू झील धरायची. मुख्य गायकाने ओळ टाकली की ती उचलायची, घोळवायची, त्याला श्वास घ्यायला जागा करून द्यायची. सासूबाई, माणिकबाई गेल्यापासून हे काम तिच्याकडे आलं होतं. पोस्टरवर झीलवाल्याचा फोटो नसतो. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं.

"अन् आई?" प्रियदर्शनीनेच विचारलं. शालूचा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणाला पोरीने तो उलटा केला. "म्हंजे, आईचा बीपी पाहता तिनं लांबच्या टूरले नाई आलं तरी चालते. काकू अन् मी मिळून कोरस धरू शकतो. ट्रॅक पन वाजवता येते."

"तेच म्हनतो मी," स्वप्निल पटकन म्हणाला. पटकन म्हणाला यावरून शालूला कळलं की काका-पुतणीचं आधीच बोलणं झालंय. "वहिनीनं लय वर्षं केलं. आता जवळचे कार्यक्रम करा वहिनी. अमरावती, अंजनगाव, दर्यापूर. लांबचं कायले अंगावर घेता?"

माधवी कॉलेजात शिकवायची, आणि वर्गात एखाद्या पोराला कुणी चिडवलं की जशी खिडकीबाहेर बघत असेल तशी ती दाराबाहेर बघत होती.

शालू म्हणाली, "मी कुठं काय म्हनलं?"

डोमाजी बाजेवर बसले होते. वय चौऱ्याहत्तर, बडनेऱ्याच्या रेल्वे शेडमध्ये खलाशी, म्हणजे हेल्पर, म्हणून लागलेले आणि टेक्निशियन होऊन निवृत्त झालेले. चाळीस वर्षं गाणी लिहिली, चाली लावल्या, आणि कधी कुणाच्या बापाला भिऊन गायले नाहीत. ते सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होते. बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच. हे फक्त शालूच्या लक्षात येत होतं.

"गाऊन पाह्यल्याबिगर गाडी घ्याची नाई," ते एकदम म्हणाले.

पोरं हसली. पण हा नियम खराच होता, आणि जुना होता. डोमाजींच्या घरी गाडी टायर बघून घेत नाहीत. सगळ्यांनी वाद्यं घेऊन आत बसायचं, काचा लावायच्या आणि चालत्या गाडीत एक गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणायचं. कारण पार्टीची तालीम घरात कधी झालीच नाही. घरी कुणाला वेळ होता! नव्या चाली बसल्या त्या रस्त्यातच, जीपच्या त्या समोरासमोरच्या बाकांवर.

"गाऊ की," स्वप्निल म्हणाला. "आज दुपारीच टेस्ट ड्राइव्ह आहे. मॅनेजर ओळखीचा आहे, मूर्तिजापूरपर्यंत न्या म्हने. अन् आवडली तं येऊन सही करून टाकू. लोकं थांबून आहेत या गाडीसाठी."

डोमाजींनी शालूकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

*

चार वर्षांपूर्वी अंजनगाव सुर्जीला डोमाजींनी एक कडवं भलत्याच सुरात उचललं होतं. दोन हजार माणसं समोर. शालूने क्षणाचाही विचार न करता त्यांच्या आवाजावर आपला आवाज चढवला, झील वेळेआधी घेतली आणि गाणं ओढून जागेवर आणलं. लोकांना वाटलं, नवीन हरकत आहे. टाळ्या पडल्या.

परतताना जीपमध्ये सगळे पेंगत होते. डोमाजी समोरच्या बाकावरून वाकले आणि म्हणाले, "शालू, आज मी कुठं होतो?"

"खाली होते, मामाजी."

एवढंच बोलणं. त्यानंतर त्या विषयावर दोघांत एक शब्द झाला नाही. पण पुढच्या कार्यक्रमापासून शालू त्यांच्या समोर, जरा डावीकडे बसायला लागली. मांडीवर उजवा हात उताणा. तळवा वर गेला की सूर चढवा, खाली गेला की उतरवा. मूठ मिटली की आता ओळ घ्या. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि स्पीकरच्या गदारोळात म्हाताऱ्याच्या कानात नुसती घरघर शिरायची, पण शालूची मूठ त्यांना स्पष्ट दिसायची. सगळ्या पार्टीला वाटे, सुनेला ताल धरायची सवय आहे. एकदा तिने कानाच्या मशीनचं नाव काढलं, तर ते म्हणाले, "गानाऱ्याच्या कानात मशीन? त्यापेक्षा गळ्यात दगड बांध." ती पुन्हा बोलली नाही.

म्हणजे तिला फक्त तोंड उघडायचं होतं. "मी नसेन तर मामाजी गाऊ शकत नाहीत," एवढं एक वाक्य, आणि तिची जागा पक्की. पण त्या एका वाक्यात म्हातारा संपत होता. लग्नानंतर सहा महिन्यांत ज्या माणसाने भावकीचं बोलणं अंगावर घेऊन तिच्या हातात माइक दिला, त्याला असं चार माणसांत उघडं करायचं? तिला ते जमणार नव्हतं. आणि आपण घरी बसायचं, हेही तिला जमणार नव्हतं. रिक्षा अमरावतीच्या शोरूमच्या दारात लागल्या तरी तिचं काही ठरलं नव्हतं.

*

शोरूमच्या प्रतीक्षाने टेस्ट ड्राइव्हचे बरेच प्रकार पाहिले असतील, पण पेटी, ढोलकी आणि खंजिरी घेऊन आलेलं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं.

"सर, म्युझिक सिस्टीमचा डेमो मी देते ना," ती म्हणाली. "बारा स्पीकर आहेत."

"पोरी," डोमाजी म्हणाले, "आमीच सिस्टीम आहो."

बसण्यावरून दोन मिनिटं गोंधळ झाला. शेवटी सुगत स्टिअरिंगला, डोमाजी त्याच्या शेजारी, मधल्या ऐसपैस खुर्च्यांवर स्वप्निल आणि माधवी, आणि सगळ्यात मागे शालू, प्रियदर्शनी आणि प्रतीक्षा. डोमाजींच्या मांडीवर पेटी ठेवली आणि स्वप्निलने पेटीसकट बेल्ट आवळला. भाता ओढायला हात जेमतेम पुरत होता. मागून शालूला त्यांचा फक्त पांढरा माथा दिसत होता. बाकी सगळी सीटची पाठ.

बडनेरा मागे पडलं. गाडी खरंच छान होती, हे शालूलाही कबूल करावं लागलं. पोटातलं पाणी हलत नव्हतं. सुगत लहान पोरासारखा खूश होता. "मागं ट्रॉली असली तरी समजनार नाई," तो दोनदा म्हणाला. प्रतीक्षा ट्रॉलीचं नाव निघालं की घाईघाईने सनरूफबद्दल बोलायला लागे.

"घ्या बाबा," स्वप्निल म्हणाला. "दगडाच्या पाटीवर."

हे डोमाजींचं सर्वांत गाजलेलं गाणं. पाथरवटाची पोर पहिल्यांदा शाळेत जाते, त्याचं. पेटीवर सुरुवातीचे सूर उमटले, प्रियदर्शनीने मांडीवर ताल धरला, माधवीने आलाप घेतला. डोमाजींनी ओळ टाकली,

"दगडाच्या पाटीवरती उमटली पहिली रेघ..."

पहिली ओळ बोटांच्या आठवणीने बरोबर आली. दुसरी घसरली. तिसरी कुठल्या कुठे गेली. पेटी एकीकडे आणि गळा एकीकडे. बंद काचांच्या त्या गुळगुळीत शांततेत प्रत्येक चूक लख्ख ऐकू येत होती. शालूचा हात मांडीवर आपोआप वर जात होता, खाली येत होता, मूठ मिटत होती. पण तो कुणासाठी? समोर सीटची पाठ होती. तिने झील मोठ्याने घेऊन पाहिली. डोमाजींनी ती ऐकलीच नाही. ते तिच्या झीलवरच पुढचं कडवं घेऊन मोकळे झाले.

माधवीने गाणं सोडलं. मग प्रियदर्शनीचा हात थांबला. म्हातारा एकटाच आणखी अर्धी ओळ गात होता, आणि मग त्यालाही कळलं.

"काय झालं?" डोमाजी म्हणाले.

स्वप्निलचा चेहरा उतरला होता. त्याने बापाचा असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. "ए.सी.नं गळा बसला असंन," तो कसाबसा म्हणाला.

"मीच चुकली," शालू म्हणाली. आपण हे का बोललो, हे तिला स्वतःलाही कळलं नाही. "मी झील लवकर घेतली. त्याच्यानं मामाजी हुकले."

स्वप्निल मागे वळला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती, अगदी धडधडीत. "तेच म्हनलं! वहिनी, राग नका धरू, पन म्हनूनच मी म्हनतो. आता तुमाले झेपत नाई."

प्रियदर्शनीने आईकडे पाहिलं. मग आईच्या मांडीवरच्या त्या हाताकडे पाहिलं, जो अजून अर्धवट मिटलेला होता.

*

मूर्तिजापूरच्या फाट्यावर चहाला थांबले. सुगत आणि स्वप्निल मागच्या बंपरखाली वाकून प्रतीक्षाला हुकाबद्दल छळत होते. डोमाजी टपरीच्या मागे निंबाखाली जाऊन उभे राहिले. शालू त्यांचा चहा घेऊन गेली.

"सुगत म्हने, शालू चुकली. तुनं खरं सांगतलं नाई," ते म्हणाले.

ती त्यांच्या समोर उभी राहिली, ओठ दिसतील अशी. "नाई सांगतलं."

"नको सांगू." त्यांनी तिच्या हातून कप घेतला. "या वर्षाचे अठरा कार्यक्रम होऊ दे. मंग मीच सोडतो. तू फक्त समोर राह्य. मी गातो."

"कशी राहू समोर? माई सीटच नाई त्या गाडीत."

डोमाजींनी जरा विचार केला. खरंच विचार केला, हे तिला दिसत होतं. आणि मग ते म्हणाले, "बसनं ये नं तू. एस. टी. जाते सगळीकडे. कार्यक्रमाच्या टायमाले पोचली का झालं."

शालूला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. ऐकू न येण्याची पाळी आता आपली. अठरा गावं. रात्री एकला कार्यक्रम संपणार, मग हे सात जण गारेगार गाडीत बसून पुढच्या गावाला, आणि आपण स्टँडवर पहाटेच्या बसची वाट पाहत, पिशवी उशाला घेऊन. आणि हे स्वप्निलने नाही, सुगतने नाही, या माणसाने सुचवलं. ज्याच्यासाठी आपण आत्ता सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं.

"मामाजी," ती म्हणाली, "तुमाले मी पाह्यजे. पन पाह्यजे म्हनून सांगाची लाज वाटते."

त्यांना ऐकू आलं नाही असं नव्हतं. त्यांचे डोळे तिच्या ओठांवरच होते. त्यांनी चहा संपवला, कप तिच्या हातात दिला आणि गाडीकडे चालू लागले. त्या रिकाम्या कपाकडे पाहताना शालूला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि रडूच आलं म्हणून पुन्हा राग आला.

*

परतीच्या रस्त्यावर लोणी गाव मागे पडलं. स्वप्निलने मॅनेजरला फोन करून येतोच म्हणून सांगितलं. कागद तयार ठेवा म्हणाला.

"अजून एकदा घेऊ," डोमाजी म्हणाले. "गानं पूरं झाल्याबिगर सही नाई."

"बाबा, राहू द्या आता," माधवी पहिल्यांदाच बोलली. "तुमचा गळा थकला आहे."

पण पेटी सुरू झाली होती. सुरुवातीचे सूर एकदा वाजले. गाडीच्या पुढच्या काचेला वरून एक छोटा आरसा होता, आणि शालूने पाहिलं, डोमाजी मान वाकडी करून त्या आरशात तिला शोधत होते. आरसा सुगतच्या नजरेला लावलेला. त्यात त्यांना मागच्या काचेबाहेरचा रस्ता दिसत असेल, फार तर प्रतीक्षाचा खांदा.

शालूने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि घट्ट धरून ठेवले.

सूर दुसऱ्यांदा वाजले. ओळ आली नाही. तिसऱ्यांदा वाजले. सुगतने तिरक्या नजरेने बापाकडे पाहिलं. "बाबा, घ्या नं."

चौथ्यांदा. एरवी तिसऱ्या वेळेपर्यंत तिची मूठ मिटलेली असायची. म्हातारा त्या सुरांच्या भोवऱ्यात फिरत राहिला, आणि बाहेर कसं पडायचं हे त्याला कळेना. पेटीचा भाता धापा टाकायला लागला. शालूला वाटलं, हात सोडावा, एवढी एक मूठ दाखवावी, पण दाखवून उपयोग तरी काय होता? तिला एवढंच माहीत होतं की या वेळी ती मधे पडून झाकणार नाही.

पेटी थांबली. बेल्टचं बटण दाबल्याचा आवाज झाला, आणि गाडी टिंग टिंग करून ओरडायला लागली.

"सर, बेल्ट!" प्रतीक्षा म्हणाली. "सर, प्लीज, बेल्ट!"

डोमाजींनी पेटी पायाशी ठेवली. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस सीटवर गुडघे टेकून उलटा वळला, सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि स्वप्निल-माधवीच्या डोक्यांवरून मागे पाहू लागला. सुगतने घाबरून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. गाडी थांबली तरी टिंग टिंग चालूच होतं.

"बाबा, काय करून राहिले तुमी?" स्वप्निल ओरडला.

डोमाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "शालू," ते म्हणाले. "सूर दे."

गाडीत सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आतापर्यंत या गाडीत शालूकडे कुणी असं एकत्र वळून पाहिलं नव्हतं. तिचा आवाज नीट निघाला.

"देते. पन आधी सांगा सगळ्याइले. काहून पाह्यजे?"

"आई!" प्रियदर्शनी दबक्या आवाजात म्हणाली.

"तू गप राह्य. सांगा, मामाजी."

हे क्रूर आहे, हे तिला कळत होतं. म्हाताऱ्याची बोटं सीटच्या त्या महागड्या चामड्यात रुतली होती. ते तिच्याकडे पाहत होते, आणि तिला वाटलं, आता हे सरळ होतील, बेल्ट लावतील, चला म्हणतील. तसं झालं तर आपण इथेच उतरायचं, लोणीपासून बडनेरा पायी गेलं तरी हरकत नाही, हे मात्र तिचं पक्कं ठरलं.

"मले ऐकू येत नाई," डोमाजी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना हल्ली कळायचं नाही. "चार वर्षं झाले. स्टेजवर तं काहीच येत नाई. ही समोर बसून हातानं सांगते, तवा मी गातो. मगाशी ती नाई चुकली. मी चुकलो. चार वर्षं झाले, मी चुकतो अन् ती झाकते."

स्वप्निलच्या सगळ्या बरोबर मुद्द्यांपैकी एकही या वेळी कामाला येत नव्हता. "वहिनी," तो म्हणाला, "मगाशी सांगतलं काहून नाई? मी काय काय बोललो तुमाले."

"तू इचारलं होतं का?" शालू म्हणाली.

सुगत स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. चार वर्षं तो जीप चालवत होता, सगळ्यांकडे पाठ करून, आणि त्याच्या पाठीमागे त्याचा बाप आणि त्याची बायको हे एवढं सगळं पेलत होते. प्रियदर्शनीने आईचा हात पदराखालून ओढून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. ती रडत होती, पण शालूला आत्ता तिच्याकडे बघायचं नव्हतं.

माधवीने डोळे पुसले आणि मागे वळून प्रतीक्षाला म्हणाली, "ताई, गाडी चांगली आहे तुमची. पण आज सही होणार नाही. आम्ही आठ जण आहोत."

"आठ," स्वप्निल म्हणाला. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "आठ."

"मॅडम, तो बेल्ट..." प्रतीक्षा म्हणाली, पण तिनेही ते अर्ध्यावर सोडलं.

डोमाजी अजून तसेच उलटे गुडघ्यांवर होते. गुडघे दुखत असणार. शालूने पोरीच्या हातातून हात सोडवून घेतला आणि सवयीने मांडीवर उताणा ठेवला. ते पाहून म्हाताऱ्याने मान हलवली.

"हातानं नको," ते म्हणाले. "आता झाकाचं काही राह्यलं नाई. तोंडानं सांग. सगळ्याइले ऐकू जाऊ दे."

आणि पेटीशिवाय, तालाशिवाय, रस्त्याच्या कडेला उभ्या त्या ओरडणाऱ्या गाडीत डोमाजींनी ओळ उचलली. सूर पुन्हा पडलाच होता.

"वर घ्या, मामाजी," शालू म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "अजून वर. हां, इथंच राहा."